कुंडीतलं निळं फॅलेनॉप्सिस: रंग एका बहराचा, झाड अनेक वर्षांचं

गडद निळ्या फुलांचं फॅलेनॉप्सिस ऑर्किड घेण्याआधी एक गोष्ट पक्की माहीत हवी. हे पांढऱ्या फुलांचं झाड आहे. निळा रंग त्याच्या फुलांच्या दांड्यात भोक पाडून भरलेला असतो. दांडा वाळला की रंगही संपला, आणि पुढच्या हंगामात त्याच झाडाला पांढरी फुलं येतात. हे ठाऊक असताना घेतलं तर खरेदी वाईट नाही. ‘निळ्या जातीचं ऑर्किड’ समजून घेतलं तर मात्र ती फसगत आहे. आमचं या मालाबद्दलचं सगळ्यात मोठं गाऱ्हाणं रंगाबद्दल नाहीच, लेबलाबद्दल आहे. फुलं रंगवलेली आहेत आणि पुढची पांढरी येतील, ही दोन वाक्यं कुंडीवर ठळक छापायला काहीच कष्ट पडत नाहीत. ती जिथे छापलेली असतील तिथूनच घ्यावं.

असं फॅलेनॉप्सिस अमेरिकेत २०११ साली ‘ब्लू मिस्टिक’ या नावाने विक्रीला आलं आणि गाजलं. नंतर जांभळ्या छटाही आल्या. पद्धतीचं तत्त्व सोपं आहे. शुभ्र फुलांचं निरोगी झाड निवडतात. दांडा पुरेसा वाढून कळ्या धरल्या, पण उमलल्या नाहीत, अशा वेळी दांड्याच्या खालच्या भागात बारीक भोक पाडतात आणि त्यातून रंगाचं द्रावण आत सोडतात. दांड्यातल्या जलवाहिन्या ते पाण्याबरोबर वर खेचतात. काम झालं की भोक मेणासारख्या पदार्थाने बंद करतात. मिश्रणाचं नेमकं प्रमाण उत्पादक सांगत नाहीत.

रंग मुळांतून का देत नाहीत, हा प्रश्न साहजिक आहे. मुळाच्या आत अंतस्त्वचेचा थर असतो. पाण्यातून येणारी प्रत्येक गोष्ट तिथे पेशींच्या पडद्यातून गाळून पुढे जाते आणि रंगाचे मोठे रेणू बहुतांशी तिथेच अडकतात. मुळांभोवतीचं स्पंजासारखं आवरण निळं होतं, फुलांपर्यंत फारसं काही पोचत नाही. दांड्यात थेट भोक पाडलं की ही चाळणी टळते. म्हणून कुंडीतली मुळं किंवा मॉस (कुंडीत भरलेलं शेवाळ) निळं दिसलं, पानांच्या शिरा निळसर वाटल्या, तर रंग वरून ओतलेला आहे असं समजावं आणि ते झाड घेऊ नये. मुळांना बसलेला धक्का फुलं गळल्यानंतरच कळतो.

कळीच्या अवस्थेतच रंग देण्यालाही कारण आहे. फॅलेनॉप्सिसच्या पाकळ्या जाड, मेणचट असतात आणि त्यांतून बाष्प फार कमी उडतं. उमललेलं फूल त्यामुळे पाणी हळू ओढतं. वाढणाऱ्या कळीला पाणी लागतंच, त्या ओढीबरोबर रंग पाकळीभर पसरतो. कार्नेशन किंवा शेवंतीची पातळ पाकळी काही तासांत रंगते, तसं इथे होत नाही.

दुकानात काय बघावं

आधी दांडा बघावा. खालून वर बोट फिरवत गेलं की भोकाची जागा सापडते: लहानसा फुगीर ठिपका, त्यावर मेण, भोवती निळी कड. कड कोरडी आणि घट्ट असेल तर ठीक. तपकिरी, ओलसर, बोटाला मऊ लागणारी असेल तर तिथे कूज सुरू झाली आहे. रंग कितीही सुंदर असला तरी ते झाड तिथेच ठेवावं, कारण कूज जलवाहिन्यांपर्यंत पोचली की वरच्या सगळ्या कळ्या एकदम पिवळ्या पडून गळतात.

मग फुलांची तुलना करावी. चांगल्या मालात दांड्यावरचं सगळ्यात खालचं आणि सगळ्यात वरचं फूल जवळजवळ एकाच छटेचं असतं, शिरा थोड्या गडद आणि मधला भाग सारखा. हलक्या मालात खालची फुलं शाईसारखी आणि शेंड्याकडची फिकट आकाशी दिसतात. याचा अर्थ रंग कमी पडला किंवा शेंड्याकडच्या कळ्या फारच लहान असताना दिला गेला. पाकळीच्या कडेला तपकिरी करपलेली रेघ दिसली तर उलट गोष्ट झाली आहे. पाणी कडेपर्यंत येऊन उडून जातं, रंग आणि क्षार तिथेच साचतात, आणि कड जळते.

रंगवलेलं फूल ओळखण्याची आमची आवडती खूण फुलाच्या ओठाजवळ, म्हणजे वेगळ्या आकाराच्या मधल्या पाकळीजवळ असते. पांढऱ्या फॅलेनॉप्सिसच्या ओठावर बहुधा पिवळी छटा असते. वरून निळा रंग आला की ती हिरवट दिसते. शिवाय फुलाचा देठ, पाकळीची मागची बाजू, कधी दांड्याची सालही निळसर होते. झाड स्वतः रंगद्रव्य बनवतं तेव्हा ते ठरावीक पेशींमध्ये, ठरावीक नक्षीत बनवतं. टोचलेला रंग पाणी जाईल तिथे जातो.

खरा निळा ऑर्किड मुळी नसतोच, असं मात्र नाही. ऑस्ट्रेलियातली थेलिमिट्रा क्रिनिटा ही जमिनीवर वाढणारी जात निसर्गतः निळी आहे. ‘निळा व्हँडा’ म्हणून मान मिळालेली व्हँडा सेरुलिया खरं तर जांभळट निळी, पाकळ्यांवर जाळीदार नक्षी असलेली. फॅलेनॉप्सिसमध्ये हा रंग जनुकांच्या वाटेने आणण्याचं काम जपानच्या चिबा विद्यापीठात झालं. त्यासाठी घेतलेला जनुक आपल्याकडच्या ‘केना’ या रानभाजीच्याच प्रजातीतल्या (कॉमेलिना) एका निळ्या फुलाच्या रानवनस्पतीचा होता. शेवंतीत २०१७ साली जपानमधल्याच संशोधकांनी निळा रंग मिळवला, त्यात एक जनुक गोकर्णाचा होता. सनटोरी कंपनीचा २००९ साली जपानमध्ये विक्रीला आलेला ‘अप्लॉज’ गुलाबही याच मार्गाचा, फक्त तो डोळ्यांना निळ्यापेक्षा फिकट जांभळा दिसतो. इतक्या खटाटोपानंतरही हे रंग मऊ, थोडे धुरकट आहेत. त्यामुळे कुंडीत झगझगीत शाई-निळी फुलं दिसली की ती रंगवलेलीच धरून चालावं.

घरी आणल्यावर

उजेड आणि पाणी कुठल्याही फॅलेनॉप्सिससारखंच. पडद्याआडचा भरपूर उजेड, कडक ऊन नाही. मुळं रुपेरी-राखाडी दिसली की पाणी, हिरवी असतील तर थांबायचं. पाणी कुंडीत भरलेल्या सालीच्या तुकड्यांवर किंवा मॉसवर घालावं, दांड्यावर फवारू नये. भोकाची जागा जितकी कोरडी राहील तितका दांडा टिकतो. मेण निघालं असेल तर आतून निळा थेंब पाझरतो आणि कापडावरचा तो डाग सहज जात नाही, म्हणून पहिले काही दिवस कुंडी पांढऱ्या टेबलक्लॉथवर ठेवू नये. पिकलेल्या फळांच्या टोपलीपासूनही लांब ठेवावं. फळांतून निघणाऱ्या इथिलीन वायूने कळ्या गळतात, आणि भोक पाडलेल्या दांड्यावर आधीच ताण असतो.

फुलं संपल्यावर नेहमीच्या फॅलेनॉप्सिसचा दांडा काही जण खालून दुसऱ्या-तिसऱ्या पेरावर कापून बाजूचा फुटवा घेतात. इथे तसं करू नये. जखम बहुधा त्याच खालच्या भागात असते. फुटवा आला तरी दांड्यात उरलेल्या रंगामुळे फुलं धड निळी ना धड पांढरी अशी डागाळलेली येतात. स्पिरिटने पुसलेल्या धारदार कात्रीने दांडा तळापासून कापावा, पानाच्या बगलेपासून सुमारे २ सेंटीमीटर खुंट ठेवून. मग नवी साल भरून झाडाला विश्रांती द्यावी. दिवसाचं तापमान ४ ते ६ आठवडे २५ अंश सेल्सिअसच्या खाली राहिलं आणि रात्री त्याहून थंड मिळाल्या की नवा दांडा फुटतो. तो पांढरा बहर खूप देखणा असतो. आमच्या मते या खरेदीतला खरा ऐवज तोच.

खुडलेली फुलं: डेंड्रोबियम आणि इतर

डेंड्रोबियम या दुसऱ्या ऑर्किडच्या निळ्या काड्या वेगळ्या तंत्राने रंगवतात. पांढऱ्या फुलांच्या काड्या तोडून रंगीत पाण्यात उभ्या करतात. काडीचं टोक आडवं कापलं की निळे ठिपके दिसतात, फुलदाणीचं पाणीही पहिल्या दिवशी निळसर होतं. माल म्हणून हा फॅलेनॉप्सिसपेक्षा प्रामाणिक वाटतो, कारण कापलेल्या काडीकडून पुढच्या बहराची अपेक्षा कुणी करत नाही. तक्रार एवढीच की रंग खालच्या फुलांत गडद आणि शेंड्याच्या कळ्यांत जवळजवळ नसतो. हार किंवा वेणीत वापरायची असतील तर काड्या आधी रात्रभर साध्या पाण्यात ठेवाव्यात, नाहीतर घामाबरोबर रंग कपड्यांवर उतरतो.

घरी करून बघायचं असेल तर ऑर्किडपासून सुरुवात करू नये. पांढरं कार्नेशन, शेवंती किंवा निशिगंध घ्यावं, अर्धवट उमललेलं. काड्या तासभर पाण्याबाहेर सावलीत ठेवाव्यात म्हणजे तहान वाढते, पण पान मलूल होईपर्यंत नाही. मग टोक पाण्याखाली धरून २ ते ३ सेंटीमीटर तिरकं कापावं. हवेत कापलं तर जलवाहिनीत हवेचा बुडबुडा शिरतो आणि रंग चढत नाही. १०० मिलीलिटर कोमट पाण्यात, म्हणजे साधारण ४० अंश सेल्सिअस, २ ग्रॅम खाण्याचा रंग आणि लिंबाच्या रसाचे काही थेंब. द्रावण गाळून घ्यावं, न विरघळलेले कण वाहिन्या बुजवतात. वारा खेळता आणि उजेड असेल तर २ तासांत शिरा रंगू लागतात, गडद छटेला रात्र लागते. हवी त्यापेक्षा एक छटा फिकट असतानाच काड्या बाहेर काढून स्वच्छ पाण्यात ठेवाव्यात. काडीत भरलेला रंग अजून वर जाणारच असतो.

बहुतेकांचा प्रयोग फसतो तो रंगाच्या निवडीत. वाहिन्यांच्या भिंतींवर ऋण विद्युतभार असतो. धन भाराचे रंग, उदाहरणार्थ मिथिलीन ब्लू, भिंतीलाच चिकटतात आणि काडीच्या तळाशी अडकून बसतात. खाण्याचा ब्रिलियंट ब्लू, म्हणजे पाकिटावरचा ई १३३, ऋण भाराचा असल्याने सरळ वर जातो. पेनाची शाई काही वेळा चालते, काही वेळा नाही, याचं कारणही शाईत कोणता रंग आहे यातच आहे. खाण्याच्या रंगाच्या स्वस्त भुकटीत पुष्कळदा मीठ मिसळलेलं असतं. त्याने पाकळ्यांच्या कडा करपतात, तेव्हा पाकिटावरचे घटक वाचून घ्यावेत.

फवारलेल्या आणि बुडवलेल्या फुलांबद्दल थोडक्यात. अल्कोहोल मिसळलेल्या रंगात बुडवून झटकलेली शेवंती दिसते छान, रंगही सारखा बसतो, पण पाकळ्यांच्या बेचक्यांत रंग साचतो आणि ओला हात लागला की उतरतो. स्प्रे पेंट सुकवलेल्या फुलांवर चालेल. जिवंत झाडाच्या पानांवर मारलेला असेल तर घेऊच नये. पेंटचा थर उजेड अडवतो, पर्णरंध्रं बुजवतो, आणि झाड हळूहळू उपाशी मरतं. रंगवलेले निवडुंग आणि सक्युलंट याच प्रकारात मोडतात.

एक इशारा सगळ्यांना लागू आहे. फुलांसाठी वापरलेला रंग खाण्यायोग्य असेलच असं नाही. रंगवलेलं फूल केकवर किंवा ताटात ठेवू नये, आणि फुलदाणीतलं रंगीत पाणी मांजर-कुत्र्यांच्या तोंडी लागेल अशा जागी ठेवू नये.

समारंभासाठी निळा रंगच हवा असेल तर डेंड्रोबियमच्या काड्या पुरेशा आहेत, झाडाला जखम करायची गरज नाही. कुंडीतलं हवं असेल तर निळं फॅलेनॉप्सिस जरूर घ्यावं, दांडा तपासून आणि लेबल वाचून. भेट देताना सोबत एक चिठ्ठी मात्र लिहावी: पुढची फुलं पांढरी येतील, झाड टाकू नका. रंग गेला म्हणजे झाड बिघडलं असं समजून लोक चांगली जिवंत झाडं कचऱ्यात टाकतात, आणि ती चिठ्ठी तेवढं एक झाड तरी वाचवते.