पुन्हा निवडणूक लढवताना राष्ट्राध्यक्षाने जोडीदार बदलावा का? अमेरिकी अनुभवाचा तुलनात्मक आढावा

अमेरिकेत राष्ट्राध्यक्षाची पहिली कारकीर्द संपत आली की उपाध्यक्षपदासाठी, म्हणजे निवडणुकीतील जोडीदार म्हणून, सध्याचीच व्यक्ती पुन्हा सोबत घ्यावी की नवे नाव पुढे आणावे, ही चर्चा बहुतेक वेळा सुरू होते. या निर्णयाला एरवीपेक्षा अधिक वजन असण्याचे कारण घटनात्मक आहे. आपल्याकडे मुख्यमंत्री कायद्याने तरी उपमुख्यमंत्र्याला मंत्रिमंडळातून वगळू शकतो. अमेरिकेचा उपाध्यक्ष मात्र राष्ट्राध्यक्षाबरोबर निवडून आलेला असल्यामुळे राष्ट्राध्यक्ष त्याला पदावरून दूर करू शकत नाही. साहजिकच निवड चुकली असेल तर ती दुरुस्त करण्याची संधी चार वर्षांतून एकदाच, म्हणजे पुढच्या उमेदवारीच्या वेळी मिळते.

माझे मत आधीच सांगतो. केवळ मते वाढावीत म्हणून जोडीदार बदलणे बहुधा व्यर्थ जाते. पण उद्या राष्ट्राध्यक्षपद सांभाळण्याची वेळ आली तर ही व्यक्ती ते पेलू शकेल की नाही याविषयी मनात खरी शंका असेल, तर मतांचा हिशेब काहीही सांगो, बदल करायलाच हवा.

मतांच्या बाजूने पाहताना सर्वांत बोलके उदाहरण जेराल्ड फोर्ड यांचे आहे. निक्सन यांच्या राजीनाम्यानंतर राष्ट्राध्यक्ष झालेल्या फोर्ड यांनी रिकाम्या झालेल्या उपाध्यक्षपदावर नेल्सन रॉकफेलर यांना नेमले होते. रॉकफेलर न्यूयॉर्कचे दीर्घकाळ राहिलेले गव्हर्नर आणि रिपब्लिकन पक्षातील उदारमतवादी गटाचे प्रमुख नेते होते, आणि नेमके त्यामुळेच पक्षातील कडव्या उजव्या गटाला ते नकोसे होते. रोनाल्ड रेगन उमेदवारीसाठी आव्हान देणार अशी चिन्हे दिसू लागताच रॉकफेलर यांना बाजूला होण्यास सुचवण्यात आले आणि नोव्हेंबर १९७५ मध्ये त्यांनी माघार जाहीर केली. त्याने रेगन थांबले नाहीत. त्यांनी पक्षाच्या अधिवेशनापर्यंत झुंज दिली आणि उमेदवार ठरवणाऱ्या प्रतिनिधींच्या १,१८७ विरुद्ध १,०७० मतांच्या निसटत्या फरकाने ते हरले. पुढे जोडीदार म्हणून बॉब डोल आले आणि नोव्हेंबर १९७६ मध्ये जिमी कार्टर यांनी २९७ विरुद्ध २४० निर्वाचक मतांनी (ही मते प्रत्येक राज्याच्या वाट्याला ठरावीक संख्येने येतात) फोर्ड यांचा पराभव केला. न्यूयॉर्कची त्या वेळची ४१ मते फोर्ड यांच्याकडे गेली असती तर निकाल उलटा लागला असता. रॉकफेलर सोबत असते तर न्यूयॉर्क जिंकता आलेच असते, असे खात्रीने म्हणता येत नाही. मात्र ज्यांना खूश करायचे होते ते खूश झाले नाहीत आणि ज्यांचा आधार होता ते दुखावले, एवढे उघड आहे. फोर्ड यांनीही नंतर या निर्णयाबद्दल मोकळेपणाने पश्चात्ताप व्यक्त केला. त्यानंतर पुन्हा निवडणूक लढवणाऱ्या एकाही विद्यमान राष्ट्राध्यक्षाने उपाध्यक्ष बदललेला नाही.

दुसऱ्या बाजूला जोडीदार कायम ठेवणाऱ्यांची उदाहरणे ठेवली की मतांवर होणारा परिणाम किती क्षीण असतो ते दिसते. आयझेनहॉवर यांनी १९५६ मध्ये निक्सन यांना मंत्रिमंडळातील पद घेण्याचे सुचवले होते. निक्सन यांनी ते टाळले, उमेदवारी कायम राहिली आणि जोडीला ४५७ विरुद्ध ७३ असा प्रचंड विजय मिळाला. थोरल्या बुश यांच्यावर १९९२ मध्ये डॅन क्वेल यांना वगळण्याचा दबाव होता. त्यांनी तो मानला नाही आणि ते हरले, परंतु त्या पराभवामागे मंदावलेली अर्थव्यवस्था आणि रॉस पेरो यांची अपक्ष उमेदवारी ही कितीतरी मोठी कारणे होती. २००४ च्या निवडणुकीआधी उपाध्यक्ष डिक चेनी यांनी स्वतःच बाजूला होण्याची तयारी दाखवली. धाकट्या बुश यांनी विचार करून त्यांनाच ठेवले आणि निवडणूक जिंकली. ओबामा यांच्या सल्लागारांनी २०११ मध्ये जो बायडेन यांच्या जागी हिलरी क्लिंटन आल्यास काय होईल याची जनमत चाचणीतून चाचपणी केली. फारसा फरक पडणार नाही असे दिसल्यावर तो विषय तेथेच मिटला. मतदार राष्ट्राध्यक्षाला मत देतो. उपाध्यक्ष पाहून मत फिरवणारे थोडेच असतात.

मग उरतो तो उत्तराधिकाराचा मुद्दा, आणि माझ्या दृष्टीने सगळा निर्णय येथेच ठरतो. आजवर नऊ उपाध्यक्ष राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक न लढवता त्या पदावर बसले. आठ जण राष्ट्राध्यक्षाच्या मृत्यूमुळे आणि एक राजीनाम्यामुळे. त्यातले दोघे ऐन फेरनिवडणुकीच्या तोंडावर विद्यमान उपाध्यक्षाला बाजूला सारून आणलेले नवे जोडीदार होते आणि त्या दोघांच्या कारकिर्दींची तुलना निर्णय घेणाऱ्याने शांतपणे करावी.

१८६४ मध्ये यादवी युद्ध सुरू असताना लिंकन यांच्यासोबत मेन राज्याचे विद्यमान उपाध्यक्ष हॅनिबल हॅमलिन यांच्याऐवजी टेनेसीचे अँड्र्यू जॉन्सन यांना उमेदवारी मिळाली. यात लिंकन यांचा स्वतःचा हात किती होता याबाबत इतिहासकारांत एकमत नाही. दक्षिणेतील असूनही संघराज्याशी एकनिष्ठ राहिलेला विरोधी डेमोक्रॅटिक पक्षाचा नेता सोबत असला तर एकजुटीचा संदेश जाईल, हा हेतू मात्र स्पष्ट होता. लिंकन २१२ विरुद्ध २१ मतांनी जिंकले, पण त्या विजयात जॉन्सन यांच्यापेक्षा सप्टेंबरमध्ये बंडखोर दक्षिणेतील अटलांटा शहर संघराज्याच्या सैन्याच्या हाती आल्याचा वाटा मोठा होता. एप्रिल १८६५ मध्ये लिंकन यांची हत्या झाली आणि गुलामगिरीतून मुक्त झालेल्या लाखो लोकांचे भवितव्य ठरण्याच्या काळात, त्यांना नागरी हक्क देणाऱ्या १८६६ च्या विधेयकावर नकाराधिकार वापरणारा माणूस सर्वोच्च पदावर होता. १८६८ मध्ये जॉन्सन यांच्यावर महाभियोग चालला आणि ते एका मताने वाचले. प्रचारासाठी निवडलेल्या माणसाची किंमत ज्यांनी मोजली, त्यांतील बहुतेकांना तेव्हा मतदानाचा हक्कही नव्हता. ही गोष्ट मला या साऱ्या इतिहासात सर्वांत अस्वस्थ करते.

१९४४ चे चित्र वेगळे आहे. फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी १९४० मध्ये जॉन गार्नर यांच्या जागी हेन्री वॉलेस यांना आणले होते. चार वर्षांनी वॉलेस यांनाही वगळून हॅरी ट्रुमन यांना घेतले. रूझवेल्ट यांची प्रकृती ढासळली होती आणि आपण बहुधा पुढचा राष्ट्राध्यक्ष निवडत आहोत, याची जाणीव पक्षातील जाणत्या नेत्यांना होती. शहरांतील वजनदार नेते आणि दक्षिणेतील नेते या दोघांचाही वॉलेस यांना विरोध होता, त्यामुळे हेतू निव्वळ निर्मळ होता असे नाही. तरीही प्रश्न योग्य विचारला गेला. रूझवेल्ट यांचे निधन झाल्यामुळे ट्रुमन उपाध्यक्ष म्हणून अवघे ८२ दिवस राहिले. उणीव राहिली ती निवडीनंतर : अणुबाँबच्या प्रकल्पाची माहिती त्यांना राष्ट्राध्यक्ष झाल्यावर देण्यात आली. नवा जोडीदार घ्यायचा असेल तर त्याला पहिल्या दिवसापासून राज्यकारभारात सामावून घेण्याची तयारीही हवी.

बदल न करण्याचीही किंमत असते. निक्सन यांना १९७२ मध्ये उपाध्यक्ष स्पायरो अ‍ॅग्न्यू यांच्याऐवजी अर्थमंत्री राहिलेले जॉन कॉनली हवे होते. तरीही अ‍ॅग्न्यू राहिले, ४९ राज्ये जिंकली, आणि ऑक्टोबर १९७३ मध्ये अ‍ॅग्न्यू यांना भ्रष्टाचाराच्या चौकशीतून राजीनामा द्यावा लागला. अर्थात कॉनली यांच्यावरही १९७४ मध्ये लाचखोरीचा आरोप ठेवला गेला होता, ज्यातून ते पुढे निर्दोष सुटले. १९६७ च्या २५ व्या घटनादुरुस्तीमुळे रिकामे उपाध्यक्षपद भरण्याची सोय आता आहे, त्यामुळे चुकीच्या माणसाला ठेवण्याचा धोका पूर्वीपेक्षा थोडा कमी झाला आहे इतकेच.

ज्याला निर्णय घ्यायचा आहे त्याने राष्ट्राध्यक्षाचे वय आणि प्रकृती आधी विचारात घ्यावी, मग सध्याच्या उपाध्यक्षाने अवघड प्रसंगी केलेले काम पाहावे आणि जनमत चाचण्या शेवटी हातात घ्याव्यात. बदल करायचे ठरलेच तर तो लवकर, स्वतःच्या तोंडाने आणि सन्मानाने करावा. रूझवेल्ट यांनी नेमके उलटे केले. आपण प्रतिनिधी असतो तर वॉलेस यांना मत दिले असते असे त्यांनी एका पत्रात लिहिले आणि दुसऱ्या पत्रात ट्रुमन किंवा सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती विल्यम डग्लस चालतील असे कळवले. शिकागोच्या अधिवेशनात पहिल्या फेरीत वॉलेस आघाडीवर राहिले आणि दुसऱ्या फेरीत हरले. पुढे वाणिज्यमंत्रीपद मिळूनही तो सल राहिला; १९४६ मध्ये ट्रुमन यांनी त्यांना मंत्रिमंडळातून काढले आणि १९४८ मध्ये वॉलेस तिसऱ्या पक्षातर्फे त्यांच्याच विरोधात उभे राहिले. न्यूयॉर्कमध्ये ट्रुमन जितक्या मतांनी हरले त्याहून कितीतरी अधिक मते तेथे वॉलेस यांना पडली होती.