‘जुनं कस्टर्ड’ म्हणून जे आलं

२०१६ च्या आधी ज्यांनी व्हेप, म्हणजे ई-सिगारेट, हातात घेतलं, त्यांना ‘जुनं कस्टर्ड’ एवढं म्हटलं तरी पुरतं. बाकीच्यांसाठी थोडं सांगतो.

मी मूळचा सातारचा, आता मिल्टन कीन्सला. सिगारेट कॉलेजात लागली आणि इंग्लंडला आल्यावर थंडीच्या निमित्ताने दिवसाला पंधरावर गेली. २०१५ मध्ये ऑफिसातल्या एकाने व्हेप दिलं, सोबत व्हॅनिला कस्टर्डच्या स्वादाच्या ज्यूसची (व्हेपमध्ये तापून ज्याची वाफ होते त्या द्रवाची) एक बाटली. लग्नाच्या पंगतीत वाटीतून फ्रूट सॅलड यायचं, त्यातली फळं बाजूला काढली की खाली जे दाट पिवळं उरतं, तो वास. शिवाय मागे किंचित, पातेल्याच्या बुडाला दूध लागल्याचा. त्या एका फ्लेवरवर माझी सिगारेट तीन आठवड्यांत सुटली. त्यानंतर परत हात लावलेला नाही. त्यामुळे त्या वासाशी माझं नातं नुसतं आवडीचं नाही, हे समजून घ्या.

मग २० मे २०१६ ला ब्रिटनमध्ये नवे नियम आले. निकोटीन मिलिलिटरला जास्तीत जास्त २० मिलिग्रॅम, निकोटीनची बाटली १० मिलिलिटरच्या वर नाही, टँक, म्हणजे व्हेपमधली ज्यूसची टाकी, २ मिलिलिटरचा. आणि डायअसेटिल हद्दपार. लोण्याचा, दाट दुधाचा जो स्वाद असतो तो या रसायनाचा. खायला ते चालतं, पण वाफेतून फुप्फुसात गेलं तर घात करू शकतं. अमेरिकेत मायक्रोवेव्ह पॉपकॉर्नच्या कारखान्यातल्या कामगारांची फुप्फुसं त्याच्या वाफेने कायमची खराब झाली होती. म्हणून नियम योग्यच होता, मला त्याबद्दल तक्रार नाही. पण कस्टर्ड पातळ झालं ते झालंच. घरी ज्यूस मिक्स करणारे आजही कॅपेला कंपनीच्या व्हॅनिला कस्टर्डच्या व्ही-वन आणि व्ही-टू या जुन्या-नव्या आवृत्त्यांवरून तासन् तास वाद घालतात. आमच्या ओळखीत कोणी स्ट्रॉबेरी-दुधाकडे गेलं, कोणी करॅमेल-व्हॅनिला-तंबाखूच्या आरवाय-फोरकडे. मी मात्र दर दोन महिन्यांनी नवीन कस्टर्ड आणायचो आणि अर्धी बाटली झाल्यावर ठेवून द्यायचो.

हे सगळं ज्याला ठाऊक होतं, त्यानेच मला फसवलं.

नोव्हेंबर २०२३ मध्ये एक जाहिरात दिसली. दुकान बंद करतोय, शेवटचा साठा, ‘मूळ रेसिपी, २०१६ पूर्वीचं कस्टर्ड’. फोटोत टेबलावर निळ्या चौकड्यांचं मेणकापड, त्यावर दहा-बारा बाटल्या ओळीने आणि बाजूला चहाचा मग. कुणा म्हाताऱ्या दुकानदाराने घरच्या टेबलावर फोटो काढलाय असं वाटावं, असा तो फोटो. १०० मिलिलिटरचं शॉर्टफिल तेव्हा एरवी बारा-पंधरा पौंडांना मिळायचं, इथे सहाला. निक शॉट, म्हणजे निकोटीनची छोटी बाटली, नव्वद पेन्सला.

शॉर्टफिल म्हणजे १२० मिलिलिटरच्या बाटलीत १०० मिलिलिटर बिननिकोटीनचा ज्यूस. वर जागा रिकामी असते, तिथे आपण १८ मिलिग्रॅमचे दोन निक शॉट ओतायचे, हलवायचं, की तीन मिलिग्रॅमचं तयार. १० मिलिलिटरच्या नियमातून निघालेली ही पळवाट आहे आणि कायदेशीर आहे. पण तिच्यात एक फरक आहे. शॉर्टफिलमध्ये निकोटीन नाही म्हणून त्याची सरकारी नोंदणी लागत नाही. निक शॉटची लागते, एमएचआरए या औषध नियामकाकडे, आणि नोंदवलेल्या मालाची यादी त्यांच्या संकेतस्थळावर कोणालाही बघता येते. मला हे माहीत होतं. मी बघितलं नाही.

आणि ‘२०१६ पूर्वीची रेसिपी’ हे शब्द वाचूनच मी थांबायला हवं होतं. खरी असती तर ती ओढणं धोक्याचं. खोटी असती तर सरळ फसवणूक. तिसरी शक्यताच नव्हती. पण मला तो वास हवा होता.

दहा बाटल्या आणि वीस शॉट, अठ्ठ्याहत्तर पौंड. थेट बँकेतून पैसे पाठवले तर दहा टक्के सूट. सत्तर पौंड वीस पेन्स. बँकेच्या अ‍ॅपमध्ये नाव टाकलं तर पिवळ्या चौकटीत सूचना आली, की हे खातं व्यवसायाचं नाही, व्यक्तीचं आहे आणि नाव जुळत नाही. बायको शेजारीच होती. ती म्हणाली, “अरे, नाव जुळत नाही म्हणतंय ना?” मी म्हणालो, छोटा माणूस आहे, स्वतःच्या खात्यावर घेत असेल. त्या निळ्या मेणकापडावरून मी एक अख्खा माणूस मनात उभा केला होता आणि आता त्याची बाजूही मीच मांडत होतो.

आठ दिवसांत खोकं आलं. इतक्या लवकर आलं म्हणून उरलीसुरली शंकाही गेली.

बाटल्यांबद्दल नीट सांगतो, कारण सगळं तिथेच दिसत होतं. लेबल छापील होतं पण चकचकीत कागदावर, कडेला बोटाने घासलं तर शाई यायची. दहाही बाटल्यांवर बॅच क्रमांक एकच आणि संपायची तारीखही एकच. साचलेला ‘शेवटचा साठा’ एकाच दिवशी कसा भरला गेला? एका बाटलीचं लेबल तिरकं होतं, ते नखाने उचललं तर खाली दुसरं, फाडलेल्या लेबलचा डिंक आणि निळ्या रंगाचा तुकडा. बहुतेक ब्लू रास्पबेरीचं काहीतरी. आणि रंग. कस्टर्ड मुरतं तसं पिवळं होत जातं, चांगलं मुरलेलं तर मधाच्या रंगावर येतं, व्हॅनिलाचा तो गुणच आहे. हे पाण्यासारखं स्वच्छ होतं. म्हटलं, मुरलं नसेल. दोन बाटल्यांत शॉट ओतले, हलवल्या आणि कपाटात अंधारात दोन आठवडे ठेवल्या. दोन आठवड्यांनी काढल्या तरी पाणीच.

शनिवारी रात्री टँक भरला. माझं कॉइल (ज्यूस तापवणारी तार) ०.२ ओमचं, साठ वॅटवर चालवतो, म्हणजे एका झुरक्यात भरपूर वाफ. पहिल्यांदा साखर लागली, नुसती साखर. मग घसा जळला. मागाहून काहीच नाही, दूध नाही, व्हॅनिला नाही. मी अजून चार-पाच झुरके घेतले, कारण स्वाद शोधत होतो. दहा मिनिटांत कपाळावर गार घाम, हाताला कंप, छाती धडधडायला लागली, पोट ढवळून आलं. असं मला आयुष्यात एकदाच झालं होतं, कॉलेजच्या मागच्या भिंतीपाशी पहिली सिगारेट ओढली तेव्हा. न्हाणीघरात बसून राहिलो. बायकोला म्हणालो, जेवण बाधलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आमची मुलगी स्वयंपाकघरातून आली. तेव्हा चार वर्षांची होती. एका हातात निक शॉटची छोटी बाटली, दुसऱ्या हातात तिचं झाकण. “बाबा, बघ, मी उघडलं.”

निकोटीनच्या बाटलीचं झाकण दाबून फिरवल्याशिवाय उघडत नाही. उघडता कामा नये, कायदाच आहे. हे साधं पेचाचं झाकण होतं, पाण्याच्या बाटलीला असतं तसं. मी उरलेले शॉट खोक्यासकट ओट्यावर ठेवले होते, कारण आठ वर्षांत झाकणावर विश्वास ठेवायची सवय झाली होती. ती चूक माझी, ती कोणावर ढकलत नाही. बाटलीचा आतला थेंब-बूच बसलेला होता म्हणून सांडलं नव्हतं. तिचे हात साबणाने तीनदा धुतले, कपडे बदलले, १११ या वैद्यकीय सल्ल्याच्या क्रमांकाला फोन केला. त्यांनी नीट विचारून घेतलं आणि सांगितलं, लक्ष ठेवा, उलटी झाली किंवा सुस्त वाटली तर लगेच ९९९, रुग्णवाहिका. काही झालं नाही. संध्याकाळी ती नेहमीसारखी वरण-भातावर रुसून बसली आणि मी तिच्याकडे नुसता बघत होतो.

त्या रात्री मी बाटली पहिल्यांदा हातात धरून वाचली. निकोटीनच्या मालावर समोर आणि मागे मोठ्या अक्षरांत इशारा लागतो, त्या त्या बाजूचा जवळजवळ तिसरा हिस्सा व्यापणारा. तो नव्हता. अंध माणसाला कळावा म्हणून बोटाला लागणारा उंचवट्याचा त्रिकोण असतो, तो नव्हता. आत माहितीपत्रक नाही, बनवणाऱ्याचा पत्ता नाही. ‘१८ मिग्रॅ’ एवढंच.

लेस्टरला आमचे एक ज्येष्ठ मित्र आहेत, सगळे त्यांना काका म्हणतात. ते स्वतःचा ज्यूस स्वतः बनवतात आणि निकोटीन तपासायचं किट ठेवतात. त्यांच्याकडे दोन शॉट घेऊन गेलो. मोजून निकोटीन घेतलं, निळ्याचं पिवळं होणारं सूचक त्यात घातलं आणि थेंबाथेंबाने आम्ल सोडत गेले. १८ चं असतं तर काही थेंबांत पिवळं व्हायला हवं होतं. ते निळंच राहिलं. काकांनी पिचकारी परत भरली. मग परत भरली. पिवळं झालं तेव्हा हिशोब सत्तरच्या आसपास आला. त्यांना पटेना, दुसऱ्या बाटलीवर परत केलं, तेच. (निक सॉल्ट असेल तर ही चाचणी चुकते, कारण त्यात आम्ल आधीच मिसळलेलं असतं, आणि चुकली तर आकडा कमी दाखवते. म्हणजे जास्तीच्या आकड्याला ती सबब नाही.)

बहुधा कोणीतरी मिक्स करायचं ७२ मिलिग्रॅमचं निकोटीन पातळ न करताच छोट्या बाटल्यांत भरलं होतं. म्हणजे माझ्या टँकमध्ये तीनऐवजी बाराच्या आसपासचा ज्यूस होता, साठ वॅटवर. आणि माझ्या मुलीच्या हातात जी बाटली होती तिच्यात सातशे मिलिग्रॅम निकोटीन. काका किट आवरत होते, काही बोलले नाहीत. मीही बोललो नाही.

पुढची गोष्ट पैशांची, आणि तिथे मला या माणसाची हुशारी कळली. बँकेला फोन केला. त्यांनी विचारलं, माल आला का? आला. मग ही फसवणूक नाही, विक्रेत्याशी तुमचा मालाच्या दर्जावरून वाद आहे. काहीच पाठवलं नसतं तर प्रकरण वेगळं होतं. सहा पौंडांचं साखरेचं पाणी पाठवून त्याने मला ‘फसवलेला’ यातून काढून ‘नाराज गिऱ्हाईक’ यात टाकलं. कार्डाने पैसे दिले असते तर चार्जबॅक, म्हणजे बँकेमार्फत पैसे परत, मागता आला असता. त्या सात पौंड ऐंशीच्या सुटीत मी तो हक्क विकला.

मग उलटं शोधत गेलो. संकेतस्थळाच्या तळाला कंपनी क्रमांक होता. कंपनीज हाउसवर, म्हणजे कंपन्यांच्या सरकारी नोंदवहीत, तो फुकट बघता येतो, दोन मिनिटांचं काम. दुसऱ्याच गावातल्या, दुसऱ्याच धंद्यातल्या, केव्हाच बंद झालेल्या कंपनीचा निघाला. डोमेनची नोंद माझ्या ऑर्डरच्या आधी पाच आठवड्यांची. शेवटी ‘डॉट सीओ डॉट यूके’ आहे म्हणून मी ब्रिटनचं दुकान समजत होतो, पण तो पत्ता जगात कुठूनही घेता येतो. सिटिझन्स अ‍ॅडव्हाइसच्या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार दिली, ती ट्रेडिंग स्टँडर्ड्स या विक्रेत्यांवर देखरेख ठेवणाऱ्या खात्याकडे जाते. एमएचआरएच्या यलो कार्डवरही नोंदवलं, तिथे व्हेपमुळे झालेला त्रास कळवता येतो. अशी फसवणूक झाली तर हे दोन्ही करा. पैसे मिळणार नसले तरी करा. पुढच्या घरातही लहान मूल असेल.

आमच्याकडे निदान तक्रार करायला जागा आहे. पुण्याला माझ्या आतेभावाची गत ऐका. भारतात १८ सप्टेंबर २०१९ ला ई-सिगारेटवर बंदीचा अध्यादेश आला, त्याच वर्षी कायदा झाला. बनवणं, आयात, विक्री, जाहिरात, साठवण, सगळं बंद. त्याने इन्स्टाग्रामवरच्या एकाला यूपीआयने पैसे दिले. माल आला नाही, फोन आला, ‘कस्टमने तुमचं पार्सल पकडलंय, नाव पुढे जाऊ द्यायचं नसेल तर इतके भरा’. घाबरून भरले. परत फोन आला, परत भरले. पोलिसांत कुठल्या तोंडाने जाणार? त्याला मी हेच सांगितलं आणि इथेही सांगतो: तिकडे मागवू नका, आणि दिवाळीला जाताना इथून कोणासाठी सामानात नेऊ नका, कितीही जवळचा असो.

न उघडलेल्या आठ बाटल्या आणि उरलेले शॉट काउन्सिलच्या कचरा केंद्रावर घातक मालात दिले. निकोटीन सिंकमध्ये ओतू नये. तिथल्या माणसाने मोठा पिवळा डबा पुढे केला आणि झाकणं तपासत एकेक बाटली आत ठेवली. आता मी गावातल्या दुकानातून घेतो, पूर्ण किमतीचं, पातळ कस्टर्ड. उघडायच्या आधी प्रत्येक झाकण न दाबता फिरवून बघतो.

हे आज लिहायला बसलो त्याचं कारण वेगळं आहे. गेल्या आठवड्यात काकांनी एक जाहिरात पाठवली. दुकानाचं नाव नवीन, दुकान बंद होतंय, शेवटचा साठा, या वेळी स्ट्रॉबेरी-दूध. बाटल्या ओळीने, बाजूला चहाचा मग, खाली निळ्या चौकड्यांचं मेणकापड. बँकेतून थेट पैसे पाठवले तर दहा टक्के सूट.