आईची काठी घेऊन तीन शेल्टर फिरले, त्याचा हिशोब

कुत्रं दत्तक घ्यायचं म्हणून आईची जुनी काठी काखेत मारून मी दोन शेल्टरच्या दारात उभी राहिले; तिसऱ्याला दारच नव्हतं. दोन्हीकडे पहिलं वाक्य तेच कानावर आलं: काठी बाहेर ठेवता का? म्हटलं, नाही ठेवत, काठीसाठीच आलेय.

आमच्या घरात माणसं दोन. काठीशिवाय पाऊल न टाकणारी आई आणि शिलाई मशीनवरून न उठणारी मी. जमिनीवर दिवसभर दोऱ्याचे तुकडे, टाचण्या, बटणं. त्यामुळे पिल्लू नको, हे आधीच पक्कं होतं. पिल्लू दिसेल ते तोंडात घालतं, आणि गिळलेला लांब दोरा फार वाईट. त्याचं एक टोक आत कुठेतरी अडकलं, की आतडं त्याच्यावर चुण्या घातल्यासारखं गोळा होतं. शिवणाऱ्या बाईला हे चित्र लगेच दिसतं. तेव्हा मोठं कुत्रं हवं, काठीला न बिचकणारं आणि मशीनच्या खडखडाटात झोपणारं. जात, रंग, शेपूट, काहीही चाललं असतं.

शेल्टर कुठलं निवडावं, असं विचारलं की लोकांचे दोन तट पडतात. एक तट म्हणतो, सरकारी ठिकाणाहूनच आण, तिथल्या कुत्र्यांकडे दिवस कमी असतात. दुसरा म्हणतो, जिथे कुत्र्याचा जीव घेत नाहीत, तिथूनच आण. मी सुरुवातीला दुसऱ्या तटात होते.

म्हणून आधी ट्रस्टच्या शेल्टरमध्ये गेले. जागा बघण्यासारखी. फरशी चकाचक, मोकळं अंगण, एकसारखे टी-शर्ट घातलेली उत्साही मुलं. प्रत्येक पिंजऱ्यावर काळी पाटी आणि पाटीवर खडूने नाव, वय, स्वभाव. फाटकावर मोठ्या अक्षरांत ‘इथे एकाही जिवाला मारलं जात नाही’. वाचून बरं वाटतं, पण हे जमतं कसं ते मला नंतर समजलं. अशा संस्था किती आणि कुठली कुत्री आत घ्यायची ते स्वतः ठरवतात. जागा भरली की दार बंद. ज्यांना आत घेतलं नाही ती दुसऱ्या कोणाच्या तरी दारात जातात, बहुधा सरकारी. शिवाय ‘नो-किल’, म्हणजे जीव न घेणारं, म्हणवणाऱ्या ठिकाणी मरण शून्य, असंही नसतं. बऱ्याच ठिकाणी त्याचा रूढ निकष असा, की आत आलेल्या शंभरातली निदान ९० जिवंत बाहेर पडावीत. उरलेल्यांत ज्यांच्या वेदना थांबवता येत नाहीत अशी असतात. यात फसवणूक नाही. फक्त फाटकावरची पाटी संस्थेबद्दल सांगते, समोरच्या कुत्र्याबद्दल काहीच नाही, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं.

मला सरदार आवडला. तपकिरी, एक कान पडलेला, कोपऱ्यात शांत बसून. पाटीवर ‘सर्वांशी प्रेमळ’. मी काठी पुढे करायला लागले तर मुलगी म्हणाली, “त्याची गरज नाही, आमची सगळीच प्रेमळ आहेत.” आणि मी, एवढी काठी वागवत आलेली बाई, ऐकलं तिचं.

शांत बसलेलं कुत्रं शांत स्वभावाचं असेलच असं नाही. कधीकधी ते भीतीने मिटून गेलेलं असतं. सरदार पहिले तीन दिवस कटिंगच्या टेबलाखालून निघालाच नाही. कुत्री सांभाळणाऱ्यांत एक ठोकताळा आहे: तीन दिवस घाबरण्याचे, तीन आठवडे घर कळण्याचे, तीन महिने आपलं वाटण्याचे. कोणी प्रयोगशाळेत तपासलेला नियम नाही, पण आम्ही त्यावर भिस्त ठेवली. पाचव्या रात्री आई न्हाणीघराकडे निघाली, काठी फरशीवर टकटकली आणि टेबलाखालून गुरगुर आली. आठव्या रात्री त्याने काठीच धरली. खालच्या रबरी बुचावर चार दातांच्या खुणा आहेत, अजून. आईने रात्रीचं पाणी पिणं बंद केलं, म्हणजे उठायला नको. ते कळलं त्या दिवशी मी त्याला परत नेलं. गाडीत तो माझ्या मांडीवर डोकं ठेवून बसला होता. त्याचा काय दोष? कोणीतरी कधीतरी त्याला काठीने बडवलं असणार.

परत घेताना त्यांनी हुज्जत घातली नाही, तेवढे गुण त्यांना. पण परतीच्या कागदावर ‘कारण’ या रकान्यात त्या मुलीने लिहिलं, ‘घरगुती अडचण’. मी म्हटलं, काठीचं लिही ना. ती म्हणाली, मग त्याला कोणी नेणार नाही. पंधरा दिवसांनी त्याचं लसीकरणाचं पुस्तक द्यायला गेले, तर पाटी जशीच्या तशी: ‘सर्वांशी प्रेमळ’. पर्समध्ये माझा कापडावर खुणा करायचा खडू होता. खाली लिहिलं, ‘काठीला घाबरतो’. पुसलं असेल तर पुसो. पाचपैकी दोन तारे, त्यातला एक फरशीचा.

मग गेले सरकारी शेल्टरमध्ये. इथे कानाला दडे बसतात. भरलेल्या केनेलमध्ये, म्हणजे कुत्र्यांच्या पिंजऱ्यांच्या खोलीत, भुंकण्याचा आवाज १०० डेसिबलच्या वर जातो, आणि तो कुत्र्यांनाही सोसत नाहीच. अशा ठिकाणी दारात आलेलं प्रत्येक जनावर घ्यावं लागतं: रस्त्यावरून उचललेलं, अपघातातलं, घर बदलताना मालकाने सोडलेलं. ऑफिसातल्या कागदावर पिंजरा क्रमांक, सापडल्याची तारीख, नर की मादी आणि वजन. स्वभावाची जागा कोरी. खोटं लिहिण्यापेक्षा कोरं बरं, हे मी आता मानते.

माहिती होती ती पिंजरे धुणाऱ्या काकांकडे. त्यांच्या हातात दिवसभर लांब दांड्याचा वायपर. काठीची परीक्षा तिथे रोजच चालू होती, मी आपली उगाच माझी घेऊन गेले. काका पिंजऱ्यांवरून बोट फिरवत म्हणाले, “ताई, हा दांडा बघून मुततो. ही दांडा चावते. त्या कोपऱ्यातलीला दाखवूच नका. आणि ही बघा, ही वायपर आला की उठून बाजूला होते, धुवून झालं की परत तिथेच येऊन बसते.” ती काळी-पांढरी कुत्री, अंदाजे तीन वर्षांची. मी काठी जमिनीवर आपटली. तिने काठीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि जांभई दिली. आता जांभई तणावाचीही असते, काकांनीच सांगितलं. पण अंग मागे घेतलं नाही.

तिला खोकला होता. केनेल कफ अशा गर्दीत पटकन पसरतो आणि मोठ्या, धडधाकट कुत्र्यात बहुधा बराही होतो. भीती असते ती पार्व्हो या जीवघेण्या विषाणूची, विशेषतः पिल्लांना. लागण झाल्यापासून लक्षणं दिसायला साधारण तीन दिवस ते दोन आठवडे लागतात, त्यामुळे आज उड्या मारणारं पिल्लू आठवड्याने आडवं होऊ शकतं. विषाणू जमिनीत महिनोन् महिने टिकतो आणि फरशी पुसायच्या साध्या औषधाने मरत नाही, ब्लीचसारखं काही लागतं. म्हणून कुठल्याही शेल्टरमध्ये मी आता भिंती बघत नाही, वायपर बघते. नव्या आणि आजारी कुत्र्यांच्या खोलीचा वायपर वेगळा आहे की तोच सगळीकडे फिरतो? इथे वेगळा होता, लाल पट्टी गुंडाळलेला. काकांचंच काम ते. पिल्लूच हवं असेल तर त्याला सहा-आठ आठवड्यांपासून दर दोन ते चार आठवड्यांनी लस आणि ती सोळा आठवड्यांपर्यंत, हे पुस्तकात तारखांसकट दिसलं पाहिजे. नुसतं ‘लस झाली’ चालत नाही.

ऑफिसने सांगितलं, दोन आठवड्यांनी या. गेले, तर पिंजऱ्यात दुसरंच कुत्रं. पोटात गोळा आला. विचारायचीही हिंमत होईना. काका लांबूनच ओरडले, “फॉस्टरवाल्यांनी नेली!”

तिसरा प्रकार मला असा भेटला. फॉस्टर म्हणजे ज्यांची इमारतच नाही अशी मंडळी. सरकारी शेल्टरमधून कुत्री उचलायची, आपापल्या घरात ठेवायची, बरी करायची आणि मग घर शोधून द्यायचं. लंडनमध्ये १८६० साली मेरी टिल्बी या बाईने भटक्या कुत्र्यांसाठी जे ठिकाण काढलं (आजचं बॅटरसी) त्याच्या मूळ नावातच ‘तात्पुरतं घर’ असे शब्द होते. इमारतींत घर हा शब्द नावापुरता असतो, फॉस्टरवाल्यांकडे तो अजून शब्दशः खरा आहे. त्याचा परिणाम मोजलाही गेलाय: शेल्टरमधलं कुत्रं एक-दोन रात्री कोणाच्या घरी झोपलं तरी त्याच्या शरीरातलं तणावाचं कॉर्टिसॉल उतरतं, आणि परत शेल्टरमध्ये नेलं की पूर्वीइतकं होतं.

आता तक्रार. चार पानी फॉर्म. घरात किती तास माणूस असतं, तुम्ही आजारी पडलात तर कोण बघणार, आधीचं कुत्रं परत का दिलंत. या शेवटच्या प्रश्नावर मी अर्धा तास पेन धरून बसले आणि मग सगळं खरं लिहिलं. व्हिडिओ कॉल, नंतर घर बघायला दोघीजणी. एकीने गॅलरीच्या गजांमध्ये चक्क स्वतःची मूठ घालून पाहिली आणि जाळी लावायला सांगितली. सात आठवडे गेले. नवीन माणूस कंटाळून पैसे मोजून पिल्लू विकत घेईल, असा हा कारभार.

पण त्या फॉस्टर बाईंनी वही ठेवली होती. साधी शाळेची, कव्हर फाटलेली. ‘बेल वाजली: दोनदा भुंकली, गप्प. छत्री उघडली: पलंगाखाली, वीस मिनिटं. एकटी ठेवली, दोन तास: डावी चप्पल खाल्ली. मांजर: पट्टा दोन्ही हातांनी धरा.’ मी माझ्या मशीनचा आवाज फोनवर रेकॉर्ड करून पाठवला, तर त्यांनी तो रोज लावला, आधी हळू, मग मोठा. त्यांचा मुलगा घरभर काठी टेकत फिरला. वहीत नोंद: ‘काठी: वास घेतला, निघून गेली. मशीन: चौथ्या दिवशी झोपली.’ दत्तकाच्या कागदावर सही आधी नव्हतीच, दोन आठवडे घरी ठेवून बघा आणि मग ठरवा. नाही जमलं तर कधीही परत त्यांच्याकडेच द्यायची, दुसऱ्या कोणाला नाही, हे लेखी.

मधल्या काळात एका विशिष्ट जातीच्या कुत्र्यांसाठीच काम करणाऱ्या गटाशी फोनवर बोलले होते. त्या जातीच्या पाठीची, कंबरेची, डोळ्यांची दुखणी त्यांना तोंडपाठ. जातच हवी असेल तर ब्रीडरकडे जाण्याआधी त्यांना जरूर विचारा. मला नको होती, विषय संपला.

मग सरकारी शेल्टरला तारे किती? ऑफिसला एक, काकांना पाच. माझी कुत्री मुळात तिथलीच. घरात काठी नसती, आई नसती, आणि मला कुत्र्याचा थोडा सराव असता, तर मी पहिल्याच दिवशी तिला काकांच्या शब्दावर उचलून आणली असती आणि एक पिंजरा आधीच रिकामा झाला असता. पण म्हातारं माणूस, लहान मूल किंवा मांजर घरात असेल तर फॉस्टरच्या वहीला पर्याय नाही. ट्रस्टचं शेल्टरही सगळीकडे माझ्या वाट्याला आलं तसं नसेल. ओळखायची एक युक्ती सांगते: कुठल्याही कुत्र्यासमोर उभं राहून विचारा, याला काय आवडत नाही? उत्तर लगेच आलं तर थांबा. ‘असं काही नाही हो’ आलं तर पुढच्या शेल्टरला चला.

फॉस्टर गटाला साडेचार. अर्धा त्या फॉर्मचा कापला. कुत्री आत्ता मशीनखाली, पायडलजवळ झोपलीय. काल आईची काठी भिंतीवरून घसरून तिच्या शेजारी आपटली, तर तिने एक डोळा उघडला. डाव्या चपला आम्ही आता कपाटात ठेवतो. उजव्यांना ती हात लावत नाही, का ते वहीतही लिहिलेलं नाही.