इन्व्हिन्सिबल की एक्स-मेन ’९७? आधी कोणती पाहावी

मोठ्यांनी बघावी अशी सुपरहिरोंची ॲनिमेशन मालिका कोणती, असं कोणी विचारलं की हल्ली उत्तरात दोन नावं हमखास येतात. एक प्राइम व्हिडिओची इन्व्हिन्सिबल आणि दुसरी डिस्नेची एक्स-मेन ’९७. पाठोपाठ दोन्हींच्या चाहत्यांची जुंपते. इन्व्हिन्सिबल म्हणजे नुसता रक्ताचा सडा, असं एका बाजूचं म्हणणं. एक्स-मेन म्हणजे लोकांच्या बालपणीच्या आठवणींवर केलेली कमाई, असं दुसऱ्या बाजूचं. ज्याला फक्त आज रात्री काय लावायचं एवढंच ठरवायचं असतं, त्याच्या हाती या भांडणातून काही लागत नाही.

म्हणून माझं मत आधीच सांगून टाकते. एक्स-मेनशी तुमची जुनी ओळख नसेल आणि पडद्यावरचा रक्तपात तुम्हाला सोसत असेल, तर इन्व्हिन्सिबलपासून सुरुवात करा. रक्त बघवत नसेल किंवा हातात एकच शनिवार-रविवार असेल, तर एक्स-मेन ’९७ लावा, पण त्याआधी थोडी तयारी करून. ती कोणती, ते पुढे येईलच.

इन्व्हिन्सिबल ही रॉबर्ट किर्कमनच्या कॉमिकवर बेतलेली आहे. ते कॉमिक २००३ ते २०१८ या काळात १४४ अंक चाललं आणि रीतसर संपलं. मालिका मार्च २०२१ मध्ये सुरू झाली. पहिल्या तीन सीझनचे प्रत्येकी आठ भाग, भाग साधारण पाऊण तासाचा, शिवाय ॲटम ईव्ह या पात्रावरचा एक विशेष भाग. एक्स-मेन ’९७, म्हणजे जन्मजात शक्ती लाभलेल्या ‘म्युटंट’ माणसांच्या वीरपथकाची गोष्ट, मार्च २०२४ मध्ये आली. पहिला सीझन दहा भागांचा आणि भाग अर्ध्या तासाच्या आसपास. ही नवी मालिका नाही. १९९२ ते १९९७ या काळात अमेरिकेत फॉक्स किड्सवर ७६ भाग चाललेल्या मालिकेचीच ती पुढची गोष्ट आहे. ढंग तोच, शीर्षकाची धून तीच, आणि वुल्व्हरिनसाठी कॅल डॉड, रोग (Rogue) या नायिकेसाठी लेनोर झॅन, बीस्टसाठी जॉर्ज बुझा हे आवाजही जुनेच.

आता मुख्य मुद्दा.

इन्व्हिन्सिबलच्या पहिल्या भागाचा शेवट लपवून त्या मालिकेबद्दल काही सांगताच येत नाही, म्हणून तेवढा एक उघड करते. ज्यांना तोही नको, त्यांनी हा आणि पुढचा परिच्छेद सोडून द्यावा. मार्क ग्रेसन सतरा वर्षांचा. त्याचे वडील नोलन, म्हणजेच ओम्नी-मॅन, हे पृथ्वीवरचे सगळ्यांत ताकदवान वीर, आणि आई डेबी तुमच्याआमच्यासारखी. मार्कच्या अंगात एकदाच्या शक्ती येतात, वडील त्याला शिकवायला घेतात, सगळं छान, हलकंफुलकं चाललेलं असतं. नामावली सुरू होते. इथे टीव्ही बंद करू नका. नामावली मध्येच थांबते आणि ओम्नी-मॅन आपल्याच सहकाऱ्यांना, गार्डियन्स ऑफ द ग्लोबना, एकेक करून ठार मारतो. त्यानंतरचे सात भाग आपल्याला जे माहीत आहे ते त्या घरातल्या मुलाला माहीत नसतं, आणि बायकोला मात्र हळूहळू उमजत जातं.

या मालिकेने मला बांधून ठेवलं ते डेबीमुळे. घरात दडवलेला, रक्ताने माखलेला नवऱ्याचा पोशाख तिच्या हाती लागतो आणि तो घेऊन ती आर्टकडे जाते. आर्ट हा या वीरांचे पोशाख शिवणारा शिंपी, घरोब्याचा माणूस. तिला त्याच्याकडून ‘काही नाही गं, तुझा गैरसमज आहे’ एवढंच ऐकायचं असतं, आणि तेवढंच तिला मिळत नाही. तिथे ना कोणी उडतं, ना इमारत कोसळते. तरीही पहिल्या सीझनमधल्या कुठल्याही हाणामारीपेक्षा तिची ती घालमेल जास्त अंगावर येते. सँड्रा ओहने डेबीला दिलेला आवाज ऐका. रागाच्या जागीही ती आधी थकलेली ऐकू येते. नोलनला जे. के. सिमन्सचा आवाज आहे. त्यात बापाची माया आणि परक्या ग्रहावरच्या सैनिकाचा कोरडेपणा दोन्ही इतके एकजीव आहेत की शेवटच्या भागापर्यंत त्याचा निखळ तिरस्कार करता येत नाही.

एक्स-मेन ’९७ चं बलस्थान नेमकं उलट आहे. तिथे दुःख एका घराचं नसतं, अख्ख्या समाजाचं असतं. पाचवा भाग, ‘रिमेंबर इट’, यासाठीच नावाजला जातो. जेनोशा हे म्युटंट लोकांचं स्वतःचं राष्ट्र झालेलं आहे, जगाने त्याला मान्यता दिली आहे, समारंभ आहे, रोषणाई आहे. रोग आणि मॅग्नेटो हवेत तरंगत नाचतात, आणि तिच्यावर जीव असलेला गॅम्बिट खालून पाहत उभा असतो. भागाचा बराचसा वेळ असा प्रेमाच्या तिढ्यात आणि आनंदात जातो. मग हल्ला होतो. कोण वाचतं, कोण नाही, ते सांगत नाही. पण ज्यांना सणासुदीला सजलेलं गाव डोळ्यांसमोर पाहिल्यासारखं वाटत होतं, त्यांना पुढच्या काही मिनिटांत ते गावच उरलेलं दिसत नाही. बहुतेक प्रेक्षकांनी हा सीझनमधला सर्वोत्तम भाग मानला, आणि मीही मानते. एकेका भागाचीच तुलना करायची झाली, तर या तोडीचा भाग इन्व्हिन्सिबलच्या पहिल्या तीन सीझनमध्ये मला एखादाच दिसतो.

पण त्या भागाचा पूर्ण घाव बसायला एक गोष्ट माहीत असावी लागते. १९९२ मध्ये सुरू झालेल्या मालिकेच्या पहिल्याच सीझनमध्ये जेनोशाचं हे बेट आपण पाहिलेलं आहे. तिथे म्युटंट लोकांना पकडून, गुलाम करून, धरणाच्या कामाला जुंपलेलं होतं. त्याच भूमीवर आता त्यांचं राज्य आलेलं असतं. हे ठाऊक असलेल्या माणसाचा पाचवा भाग वेगळा आणि नसलेल्याचा वेगळा. म्हणूनच ‘नुसता स्मरणरंजनाचा धंदा’ हा आरोप मला पटत नाही. जुन्या आठवणींना नुसतं कुरवाळायचं असतं, तर हे बेट असं वापरलं नसतं.

प्रेक्षकांच्या बाकीच्या तक्रारीही तपासून पाहायला हव्यात, कारण निवड त्यांवरच ठरते.

रक्ताची तक्रार खरी आहे. इन्व्हिन्सिबलमध्ये माणसं चिरडली जातात आणि कॅमेरा तोंड फिरवत नाही. पहिल्या सीझनच्या शेवटच्या भागात आगगाडीचा एक प्रसंग आहे. तो पाहून अनेकांनी मालिका सोडली आणि त्यांना मी दोष देणार नाही. पण हा रक्तपात फुकाचा आहे, असं म्हणणाऱ्यांनी तिसऱ्या सीझनचा सहावा भाग पाहिलेला नसतो. पहिल्या सीझनमध्ये शिकागोत जी लढाई झाली, तिच्यात बहीण आणि भाची गमावलेला एक माणूस तिथे मार्कच्या समोर उभा राहतो. दोन सीझनपूर्वी आपण ज्यांना ढिगाऱ्याखाली गेलेलं पाहिलं आणि विसरलो, त्यांचा जाब विचारायला कोणीतरी आलेलं असतं. सुपरहिरोंच्या गोष्टींत इमारती पडतात आणि पुढच्या भागात शहर पुन्हा उभं असतं. इथे तसं होत नाही. रक्त सोसत नसेल तर मालिका बघू नका, पण ते उगाच आहे म्हणून सोडू नका.

ॲनिमेशनच्या तक्रारीत इन्व्हिन्सिबल सरळ हरते. संवादाच्या दृश्यांत चेहरे ताठ, मागची गर्दी गोठलेली, नुसते ओठ हलतात. तिसऱ्या सीझनमध्ये तर हे फारच जाणवलं. पैसा आणि वेळ मोठ्या लढायांसाठी राखून ठेवल्यासारखं वाटतं. कॉन्क्वेस्ट या खलनायकासोबतची तिसऱ्या सीझनच्या शेवटची लढाई पाहिली की तो गेला कुठे ते कळतंही, पण त्यासाठी मधले भाग कळकट का असावेत, हा प्रश्न रास्तच आहे. एक्स-मेन ’९७ चं काम कोरियाच्या स्टुडिओ मिरकडे होतं आणि तो फरक पहिल्या भागातच दिसतो. एक्स-मेनचा म्होरक्या सायक्लॉप्स आकाशातून खाली कोसळत असतो आणि डोळ्यांतला झोत जमिनीवर रोखून त्याच्या जोरावर स्वतःचा वेग कमी करतो. काही सेकंदांचंच दृश्य, पण जुन्या मालिकेत ज्याला लोक मिळमिळीत म्हणून नावं ठेवायचे, त्या सायक्लॉप्सबद्दलचं कित्येकांचं मत तेवढ्यात पालटलं.

वेगाच्या बाबतीत दोन्हींना बोल लावावा लागतो. एक्स-मेन ’९७ घाई करते. तिसऱ्या भागात मॅडलिन प्रायरची गोष्ट अर्ध्या तासात उरकली आहे. त्या बाईच्या वाट्याला जे येतं ते इतकं भयंकर आहे की त्यावर निदान तीन भाग हवे होते. ज्याला मूळ कथा ठाऊक नाही, त्याच्या डोक्यावरून ती जाते. इन्व्हिन्सिबलचा दुसरा सीझन उलट रेंगाळतो. तो नोव्हेंबर २०२३ मध्ये चार भाग आणि मार्च २०२४ मध्ये चार भाग असा तुकड्यांत आला, तेव्हा प्रेक्षक वैतागले होते. आता सलग बघणाऱ्याला तो खंड जाणवत नाही. उपकथानकांचा पसारा मात्र जाणवतोच.

राहिली ‘एक्स-मेन राजकीय झाली’ ही ओरड. १९९२ मधल्या पहिल्याच कथेत म्युटंट लोकांची सरकारी नोंद, त्या यादीचा गैरवापर आणि त्यांना पकडायला पाठवलेले प्रचंड सेंटिनल यंत्रमानव होते. ज्यांनी लहानपणी ती मालिका पाहिली, त्यांनी तेव्हाही हेच पाहिलं होतं. या तक्रारीत मला दम दिसत नाही.

भविष्याचा विचार केला तर इन्व्हिन्सिबलचं पारडं जड आहे. गोष्ट कुठे जाऊन संपणार, हे मूळ लेखकाने लिहून ठेवलेलं आहे आणि तो स्वतः मालिकेच्या कामात आहे. एक्स-मेन ’९७ चे मुख्य लेखक बो डिमेयो मात्र पहिला सीझन येण्याच्या तोंडावरच मालिकेतून बाहेर पडले. पुढच्या सीझनमध्ये तीच धार राहील का, ही चाहत्यांची काळजी अनाठायी म्हणता येणार नाही.

एक गोष्ट दोन्हींत सारखीच आवर्जून बघण्यासारखी आहे. सुरुवातीचं शीर्षक वगळून पुढे जाऊ नका. इन्व्हिन्सिबलमध्ये कोणीतरी तो शब्द उच्चारणार, तेवढ्यात वाक्य तोडून नाव झळकतं, आणि पहिल्या सीझनमध्ये त्या नावावर भागागणिक रक्त वाढत जातं. एक्स-मेन ’९७ मध्ये धून तीच राहते, पण तिच्यातली चित्रं भागागणिक बदलतात आणि गोष्ट कुठवर आली ते सांगतात.

आता ती तयारी. ७६ भाग बघायची गरज नाही. जुन्या मालिकेतली ‘नाइट ऑफ द सेंटिनल्स’ ही सुरुवातीची दोन भागांची कथा बघा, म्हणजे मॉर्फ कोण आणि त्याचं महत्त्व काय, ते कळेल. मग ‘स्लेव्ह आयलंड’, ते जेनोशासाठी. आणि सगळ्यांत शेवटचा ‘ग्रॅज्युएशन डे’, कारण नवी मालिका एक्स-मेनच्या संस्थापकाच्या, प्रोफेसर झेवियरच्या, त्या निरोपानंतरच सुरू होते. दीड तासाचं काम आहे. जुनं ॲनिमेशन आज खडबडीत वाटेल, संवाद फार मोठ्याने बोलल्यासारखे वाटतील, तरी हे चार भाग टाळू नका.

इन्व्हिन्सिबलला तयारी लागत नाही, फक्त एक खबरदारी लागते. मार्कचा पिवळा-निळा पोशाख आणि गोड चेहरा पाहून आपल्याकडे घरातलं कोणीही सहज म्हणेल, कार्टूनच आहे, लावून दे पोरांना. ही मालिका निव्वळ प्रौढांसाठीची आहे. एक्स-मेन ’९७ ला अमेरिकेत चौदा वर्षांवरच्यांसाठीचं प्रमाणपत्र आहे. आठवी-नववीतल्या मुलासोबत ती बघता येते, फक्त पाचवा भाग लावाल तेव्हा शेजारी बसा.