नाव स्वतःचं घ्या, जागा फुकटची चालते

राजेहो, वेबसाईट काढायची म्हटलं की प्रत्येक जण पहिले हेच विचारते, "भाऊ, खर्च किती येते?" अन् याचं एका आकड्यात उत्तर देणारा माणूस तुम्हाला काहीतरी विकून राहिला एवढं पक्कं समजा. कारण यात गोष्टी दोन आहेत. एक नाव, म्हणजे डोमेन, अन् दुसरी जागा, म्हणजे तुमचं पान ज्या सर्व्हरवर पडलेलं असते ते होस्टिंग. दोन्ही एकाच दुकानातून एकाच बिलात घ्या असं कुठंच लिहिलेलं नाही, पण विकणारा तसं विकते म्हणून लोक तसं घेतात.

माझं मत आधीच सांगून टाकतो, नाव स्वतःच्या पैशानं अन् स्वतःच्या खात्यातून घ्या, अन् जागेवर पहिल्या वर्षी एक रुपयाही घालू नका. आता कोणतं नाव अन् कोणती जागा हे शेजारी-शेजारी ठेवून पाहू. डोक्यात तीन-चार माणसं ठेवून लिहून राहिलो: शेंदुरजना घाटचा संत्र्याची कलमं विकणारा नर्सरीवाला, पांढरकवड्याचा लग्नाचे फोटो काढणारा, वडशाच्या झाडीपट्टी नाटकात काम करणारा कलाकार, अन् गावात ट्युशन घेणारे सर.

डॉट इन, डॉट कॉम की डॉट भारत

डॉट कॉम १९८५ पासून चालू आहे, म्हणून देशमुख, ठाकरे असली सुटी आडनावं तिथं कधीचीच गेली, आता नाव जोडा, गाव जोडा, तरी नाही मिळालं तर मधात डॅश टाका, असं करत बसावं लागते. डॉट इन आपल्या देशाचं, निक्सी नावाची संस्था ते सांभाळते अन् सगळ्यांसाठी ते मोकळं झालं २००५ साली, त्यामुळे तिथं मनासारखं नाव सापडायचा चान्स जास्त. लोकांना डॉट इन ओळखीचं नाही ही सबब आता चालत नाही, महाडीबीटीचा फॉर्म भरणारा प्रत्येक शेतकरी डॉट जीओव्ही डॉट इनवरच जाते, अन् रिझर्व्ह बँकेनं तर बँकांनाही डॉट बँक डॉट इनवर यायला लावलं, ३१ ऑक्टोबर २०२५ ची मुदत देऊन.

भावाचं म्हणाल तर पहिल्या वर्षाचा भाव पाहूच नका, रिन्यूअलचा पाहा. डॉट कॉमचा घाऊक दरच सप्टेंबर २०२४ ला वर्षाला १०.२६ डॉलर झाला, म्हणजे तेवढे विकणाऱ्याला वर डॉट कॉम सांभाळणाऱ्या व्हेरिसाइन कंपनीला द्यावेच लागतात, मग तो तुम्हाला ९९ रुपयात नाव देते तेव्हा दानधर्म नाही करून राहिला, दुसऱ्या वर्षी वसूल करते. रिन्यूअलला डॉट इन साधारण सातशे ते हजाराच्या घरात अन् डॉट कॉम हजार ते पंधराशेच्या घरात पडते, वर १८ टक्के जीएसटी. डॉट ऑनलाइन, डॉट शॉप यांचं तर आणखी उलटं, पहिलं वर्ष चहाच्या पैशात अन् पुढचं वर्ष बहुतेक वेळा डॉट कॉमपेक्षाही महाग. अन् डॉट टीके सारखी फुकट नावं आता विसरा, ती वाटणाऱ्या फ्रीनॉम कंपनीनं २०२३ मध्ये नवीन नोंदणी बंद केली अन् २०२४ ला धंदाच सोडत असल्याचं सांगून टाकलं.

एका बाबतीत डॉट कॉम बरं आहे. त्यात डोमेनच्या नोंदीतल्या तुमच्या नाव-पत्त्यावर झाकण टाकायची प्रायव्हसी सर्व्हिस बहुतेक दुकानदार फुकट देतात, डॉट इनच्या नियमात ती बसत नाही. तरी आपल्यासारख्या माणसाला, ज्याचा नंबर तसाही दुकानाच्या बोर्डावर लिहिलेला आहे, याचा फार फरक पडत नाही. म्हणून माझं मत डॉट इनला, अन् गिऱ्हाईक परदेशात असेल तरच डॉट कॉमचा हट्ट धरा.

डॉट भारत हा प्रकार लोकांना माहीतच नाही. २०१४ पासून देवनागरीत आख्खं नाव घेता येते, म्हणजे वानखडे डॉट भारत असं, सगळं मराठीत. याचा खरा फायदा स्पेलिंगचा आहे. आपल्या आडनावांची इंग्रजी स्पेलिंग म्हणजे निस्ता गोंधळ, वानखडेमध्ये डब्ल्यू की व्ही, राऊतमध्ये ए-यू की ए-ओ-यू, ठाकरेत एक ए की दोन, फोनवर सांगता सांगता घसा बसते. डॉट भारतमध्ये हे भांडणच नाही. पण काही ॲप त्याला लिंक म्हणून ओळखत नाही, काही ठिकाणी ते एक्स-एन-डॅश-डॅश पासून सुरू होणारं काहीतरी अगडबंब दिसते अन् समोरच्याला वाटते व्हायरस आहे, अन् त्या नावाचा ईमेल बऱ्याच फॉर्ममध्ये चालत नाही. म्हणून एकटं घेऊ नका, डॉट इन मुख्य ठेवा अन् पैसे उरले तर डॉट भारत घेऊन ते डॉट इनवर फॉरवर्ड करून ठेवा, म्हणजे ते टाकलं तरी डॉट इनच उघडते.

खात्यात नाव कोणाचं

इथं थोडा वेळ थांबतो कारण लोक इथंच फसतात. डोमेन कायमचं विकत मिळतच नाही, ते मक्त्यानं केलेल्या वावरासारखं आहे, वर्षाचे पैसे भरा अन् वहा, एका वेळी जास्तीत जास्त १० वर्षांचे भरता येतात, अन् कागद ज्याच्या नावानं त्याचंच चालते. तालुक्याच्या ठिकाणी एखादं हुशार पोट्टं काही हजारात डोमेन, होस्टिंग, डिझाईन सगळं करून देते, काम चांगलं करते, पण नाव घेते स्वतःच्या खात्यातून, स्वतःच्या मेलवर. मग ते पुण्याला नोकरीला लागलं की फोन उचलत नाही, नाहीतर दरवर्षी म्हणेल तेवढे पैसे. वाईट हेतूनं करते असं नाही, त्याला तसं सोपं जाते म्हणून करते.

त्याच्याकडून काम करून घ्या, जरूर घ्या, पण डोमेन त्याच्या समोर बसून तुमच्या मोबाईल नंबरवर, तुमच्या जीमेलवर, तुमच्या यूपीआयनं घ्या अन् पासवर्ड घरच्या वहीत लिहा. आधीच त्याच्या खात्यात असेल तर ऑथ कोड, म्हणजे नाव हलवायचा पासवर्ड, मागा, तो मिळाला की नाव दुसऱ्या रजिस्ट्रारकडे, म्हणजे नाव विकणाऱ्या कंपनीकडे, तुमच्या खात्यात नेता येते, फक्त नवीन घेतलेलं डॉट कॉम पहिले ६० दिवस हलत नाही. अन् डॉट कॉम घेतल्यावर मेल तपासायची लिंक येते, १५ दिवसांत त्यावर क्लिक केलं नाही तर चालू साईट बंद पडते अन् लोक होस्टिंगवाल्याला शिव्या देत बसतात.

भारतातला रजिस्ट्रार की बाहेरचा? बाहेरचे कधी कधी स्वस्त अन् साफसुथरे असतात, पण तिथं डॉलरमध्ये बिल, रुपे कार्ड बऱ्याचदा चालत नाही, यूपीआयही बऱ्याच ठिकाणी नसते. त्याहून मोठी भानगड ऑटो-रिन्यूची. १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानं कार्डातून आपोआप पैसे कापायला आधी मंजुरी लागते अन् कापायच्या २४ तास आधी मेसेज यावा लागते, ही जुळवाजुळव बाहेरच्या बऱ्याच कंपन्यांकडे नाही, म्हणून स्क्रीनवर ऑटो-रिन्यू चालू दिसते अन् पैसे कटतच नाहीत. आपल्याकडे पैसा महिन्याच्या महिन्याला येत नाही हे त्या कंपन्यांना कोण सांगणार, म्हणून आंबियाच्या संत्र्याचे नाहीतर कापसाचे पैसे हातात आले की एकदाच पाच वर्षांचं भरून मोकळं व्हा, भाव वाढला तरी तुम्हाला फरक नाही. मुदत गेल्यावर काही दिवस नेहमीच्या भावात वाचवता येते, किती दिवस ते रजिस्ट्रारवर आहे, त्यानंतर डॉट कॉमला ३० दिवस जबर दंड भरून सोडवावं लागते अन् मग ५ दिवसांत नाव बाजारात मोकळं. तुमचं नाव जुगाराच्या साईटवाल्यानं उचललं तर परत मिळवणं फार कठीण.

जागा कुठली

फेसबुक पेज अन् व्हॉट्सॲप कॅटलॉगवर भागते का? धंदा जिल्ह्याच्या आतच असेल तर भागते, खोटं कायले बोलू. पण दुसऱ्याच्या अंगणात किती दिवस, गूगलनंच दुकानदारांना दिलेल्या फुकट बिझनेस वेबसाईटी मार्च २०२४ मध्ये बंद केल्या. ज्यांनी तो पत्ता बोर्डावर रंगवला होता त्यांचा बोर्ड वाया गेला, ज्यांचं स्वतःचं डोमेन होतं त्यांनी ते दुसऱ्या जागेकडे वळवलं. जागा फुकटची चालते असं मी म्हणतो ते याच भरवशावर.

फुकटात खरी लढत ब्लॉगर अन् गूगल साईट्सची. दोन्ही गूगलचे, दोन्हीला स्वतःचं डोमेन जोडता येते, दोन्हीत साईट ब्राउझरला सुरक्षित दिसायला लागणारं एसएसएल फुकट. ब्लॉगर म्हातारं आहे, १९९९ चं, दिसायलाही तसंच, पण मोबाईलच्या ब्राउझरमधून लिहून टाकता येते, तारखेप्रमाणे नोंदी आपोआप लागतात, अन् मुख्य म्हणजे सगळा मजकूर एका फाईलमध्ये उतरवून उद्या वर्डप्रेस या साईट बनवायच्या सॉफ्टवेअरवर नेता येते. गूगल साईट्स दिसायला नीट, फोटो, नकाशा, बुकिंगचा गूगल फॉर्म ओढून टाकला की झालं, पण त्याला लॅपटॉप पाहिजे, मोबाईलवर बदल करणं म्हणजे डोकेदुखी. शिवाय तिथून बाहेर पडताना सामान सरळ वर्डप्रेसवर नेता येत नाही, बरंचसं हातानं कॉपी करा. डोमेनही डब्ल्यू डब्ल्यू डब्ल्यू लावूनच जोडलं जाते, ते न लावता कोणी टाईप केलं तर त्यासाठी फॉरवर्डिंग वेगळं लावा.

गिटहब पेजेस हा तिसरा फुकट रस्ता, घरात बीसीए नाहीतर इंजिनिअरिंगवाला पोरगा असेल त्यांच्यासाठी. वेबपानाची भाषा एचटीएमएल बहुतेक स्वतः लिहावी लागते, १ जीबीपर्यंत साईट, फुकट खात्यात फाईली सगळ्यांना दिसतात. पण पान हलकं असल्यानं एकच दांडी असलेल्या नेटवर्कवरही उघडते, अन् मागं डेटाबेस नसल्यानं हॅक करायला फारसं काही उरतच नाही.

पैसे देऊन वर्डप्रेस होस्टिंग कधी? रोज माल टाकायचा, ऑर्डर अन् पैसे साईटवरच घ्यायचे, तेव्हा. महिन्याला १०० रुपये असं जे दिसते ते बहुतेक तीन-चार वर्षांचं एकदम भरल्यावरचं असते अन् नंतरचा भाव दुप्पट-तिप्पट. वर प्लगइन, म्हणजे त्याला वरून जोडलेले छोटे प्रोग्राम, अपडेट करत राहावं लागते, सहा महिने हात नाही लावला की एक दिवस तुमचं नाव गूगलवर शोधल्यावर जपानी अक्षरांतली भलतीच पानं निघतात. हा हॅक इतका नेहमीचा आहे की गूगलनं त्याच्यावर वेगळं मदतपान लिहिलं.

एक गोष्ट कोणत्याही जागेवर आडवी येते. डीटीपीवाल्याकडून बनवलेली पत्रिका, माहितीपत्रक कृतिदेव नाहीतर श्रीलिपी असल्या जुन्या फॉन्टमध्ये असते, ते साईटवर चिकटवलं की अगडम-बगडम दिसते. आधी युनिकोडमध्ये, म्हणजे कोणत्याही मोबाईलवर दिसणाऱ्या अक्षरांत, बदलून घ्या, नाहीतर गूगलच्या जीबोर्ड कीबोर्डवर बोलून पुन्हा टाईप करा. अन् मजकुराचा फोटो काढून लावू नका, फोटोतलं लिहिलेलं शोधात नीट सापडत नाही.

तर मी कोणाला काय सांगीन? झाडीपट्टीच्या कलाकाराला ब्लॉगर, कारण दिवाळीनंतर सिझन सुरू झाला की प्रयोगांच्या तारखा गाडीत बसल्या बसल्या टाकाव्या लागतात. नर्सरीवाल्याला गूगल साईट्स, वर्षातून दोनदाच बदल, जातींची यादी, नर्सरीचा परवाना, नकाशा अन् फॉर्म. फोटोवाल्यालाही तेच, फक्त दहा-बारा फोटो निवडून अन् बारीक करून टाका, कॅमेऱ्यातून काढला तसा पाच-पाच एमबीचा फोटो टाकला तर नवरदेवाच्या बापाच्या मोबाईलवर तो मुंडावळ्यांपर्यंतच उघडते. ट्युशनवाल्या सरांचा पोरगा कोडिंग शिकून राहिला असेल तर गिटहब, नसेल तर ब्लॉगर. वर्डप्रेस या चौघांपैकी कोणालाच नाही, निदान आज नाही.

नाव जागेला जोडायला डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेनच्या खात्यातल्या पत्त्यांच्या यादीत, सीनेम नावाची नोंद (रेकॉर्ड) टाकावी लागते, कोणती ते ब्लॉगर नाहीतर साईट्स स्वतःच दाखवते, तशीच उतरवायची. कधी दहा मिनिटांत चालू होते, कधी ४८ तासही लागतात, तोवर परत परत बदलत बसू नका, त्यानं उशीरच होते. स्वतःच्या नावाचा ईमेल पाहिजे असला तर तोही त्याच डोमेनवर मेल कुठं पोचवायचा ते सांगणारा एमएक्स रेकॉर्ड टाकून घेता येते. फक्त डोमेनच्या खात्याला तो मेल देऊ नका, तिथं जीमेलच ठेवा, कारण डोमेन बंद पडलं की त्याच्यावरचा मेलही बंद, अन् "रिन्यू करा" म्हणून आलेला मेसेज त्याच मेलमध्ये येऊन पडलेला असते.