टेबलावरचं प्लाझ्मा यंत्र आणि कायटोसानची फिल्म: काही महिन्यांच्या वापरानंतर

कायटोसान, जिलेटिन, रेशीम अशा पदार्थांवर काम करणाऱ्या छोट्या लॅबने टेबलावर मावणारं कमी दाबाचं प्लाझ्मा यंत्र (विजेने वायूचा प्लाझ्मा, म्हणजे विद्युतभारित कणांचा चमकता वायू, करून पृष्ठभाग बदलणारं) घ्यावं का? आमच्या मुंबईतल्या लॅबमध्ये ते पावसाळ्याआधीपासून चालू आहे. माझं उत्तर: जरूर घ्यावं, पण आधीचं सुकवणं आणि नंतरची घाई सांभाळायची तयारी हवी.

आम्ही कोळंबीच्या टरफलांपासून मिळणाऱ्या कायटोसानच्या फिल्म, म्हणजे पातळ पापुद्रे, बनवतो, जखमेवरच्या पट्टीसाठी. ही फिल्म पाणी शोषते, तरी टाकलेला थेंब वर गोल बसून राहतो आणि पेशीही मनासारख्या चिकटत नाहीत. १३.५६ मेगाहर्ट्झच्या लहरींनी चेंबरमधला विरळ वायूचा प्लाझ्मा झाला की त्यातले इलेक्ट्रॉन आणि आयन पृष्ठभागावरचे बंध तोडतात आणि तिथे ऑक्सिजन असलेले, पाण्याला ओढणारे गट बसतात; मग थेंब पसरतो. रासायनिक बदल मुख्यतः वरच्या काही नॅनोमीटरांत होतो, त्यामुळे फिल्मची ताकद टिकते. ना द्रावक, ना सांडपाणी. आम्लाने विरघळणाऱ्या पदार्थासाठी याचं मोल फार आहे.

खरी कसोटी लागली पावसाळ्यात. प्लास्टिकचा तुकडा ठेवला तर व्हॅक्यूम पटकन लागतो. कायटोसान मात्र आतली ओल सोडत राहतं आणि दाब खाली येता येत नाही. चेंबरमध्ये सोडलेल्या आर्गॉन वायूचा जांभळट उजेड गुलाबीकडे झुकला, तर अजून वाफ निघते आहे असं आम्ही धरतो. अशा वेळी आपण आर्गॉन लावलाय असं समजतो, पण काम पाण्याच्या वाफेचा प्लाझ्मा करत असतो. म्हणून फिल्म आदल्या रात्री डेसिकेटरमध्ये (ओल शोषणाऱ्या बंद भांड्यात), मग चेंबरमध्ये नुसता पंप चालवून पुन्हा सुकवणं, आणि त्यानंतरच प्लाझ्मा. हे पाळल्यापासून दोन बॅचमधला फरक खूपच कमी झाला.

वेळ वाढवली की परिणाम वाढतो, हा समज सोडावा. जास्त वेळ ठेवलेल्या फिल्मवर थेंब झकास पसरतो, पण ती पाण्याने धुऊन, वाळवून पुन्हा मोजा. कॉन्टॅक्ट अँगल (थेंबाची कड पृष्ठभागाशी करते तो कोन; थेंब जितका गोल तितका मोठा) बराच वर गेला, तर रेणूंच्या तुटलेल्या साखळ्यांचा सैल चुरा वाहून गेला असं समजा. पेशी अशा चुऱ्यावर टिकत नाहीत. मोजतानाही थेंब टेकल्यावर पहिल्या काही क्षणांतलाच आकडा घ्यावा. फिल्म फुगू लागली की कोन आपोआप उतरतो.

आणि थेंब पसरू देण्याचा हा गुण टिकाऊ नाही. काही दिवसांत पृष्ठभागावरचे हे पाण्याला ओढणारे गट आत वळतात, हवेतली घाणही बसते. त्यामुळे जिलेटिनचा थर आम्ही त्याच दिवशी देतो. कपाटात ठेवून पुढच्या आठवड्यात वापरू म्हटलं, तर केलेलं काम वाया.

मोठ्या प्रमाणावर काम असेल तर हे यंत्र अपुरं पडेल. गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेने निसरड्या अंगोरा लोकरीसाठी वातावरणाच्याच दाबावर चालणारी यंत्रणा विकसित केली. तंतूंमधलं घर्षण वाढल्याने सूत कातणं सोपं झालं. लांबच्या लांब कापड किंवा लोकर हाताळायची, तर तोच मार्ग. आमच्या चेंबरमध्ये पेट्री डिशपेक्षा मोठं काही जात नाही.

विकणाऱ्याने आम्हाला एक गोष्ट सांगितली नव्हती, ती मी प्रत्येकाला सांगते. शुद्ध ऑक्सिजन वापरणार असाल, तर साधं खनिज तेल असलेला पंप जोडू नका. आग लागण्याचा धोका असतो. फ्लोरिनयुक्त तेलाचा किंवा कोरडा पंप घ्या, त्याची किंमत कोटेशनमध्ये आधीच मागून घ्या, आणि ओझोन बाहेर जाईल अशी नळी खिडकीपर्यंत न्या.