नऊ महिने, ८८ पट्ट्या: हार्मोनियमवरून डिजिटल पियानोवर येताना

गेल्या वर्षी गणपती झाल्यावर डिजिटल पियानो घेतला, त्याला आता नऊ महिने होतील. रोज रात्री साडेनऊ ते साडेदहा, आणि सुट्टी असली की सकाळीही वाजवते. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. पन्नास हजारांच्या आतलं, वजनदार पट्ट्यांचं कुठलंही वाद्य घेताना हे उपयोगी पडावं एवढीच इच्छा आहे.

माझं सगळं शिकणं हार्मोनियमवरचं. बाबा भजनाला साथ करायचे, त्यांच्या शेजारी बसून हात बसला. हार्मोनियमवर उजवा हात सुरांवर आणि डावा भात्यावर. म्हणजे इतकी वर्षं माझ्या डाव्या हाताने फक्त हवा भरली, सूर एकदाही वाजवला नाही. लहानमोठा आवाजही भात्यातून यायचा, बोटांतून नाही. पियानोवर यातलं काहीच चालत नाही, हे पहिल्याच रात्री कळलं.

म्हणून आधी पट्ट्यांबद्दलच लिहिते, कारण पैसे त्याचेच आहेत. पट्टीला जोडलेली हातोड्यासारखी यंत्रणा आत असते. खर्जाकडे ती जड, वर तारसप्तकाकडे हलकी. पट्टी अगदी सावकाश दाबली तर ती तळाला जाते आणि सूर उमटतच नाही. मला आधी वाटलं बिघाड आहे. पण खऱ्या पियानोतही असंच होतं: हातोड्याला पुरेसा वेग मिळाला नाही तर तो तारेपर्यंत पोचत नाही. बोटाच्या वेगावर आवाज ठरवणारं हे यंत्र फ्लोरेन्समध्ये क्रिस्तोफोरीने १७०० च्या सुमारास बनवलं. त्याच्या आधीच्या हार्प्सिकॉर्डवर तार छेडली जायची, त्यामुळे जोरात दाबा की हळू, आवाज जवळजवळ तेवढाच.

हा फरक वाद्यावरच ऐकता येतो. हार्प्सिकॉर्डचा आवाज निवडला की माझ्या पियानोवरही दाबाचा परिणाम बंद होतो. सुरुवात मी जी मेजर या स्वरश्रेणीतल्या प्रसिद्ध मिन्युएटपासून (जुन्या युरोपी नाचाच्या चालीपासून) केली. जर्मन संगीतकार बाखच्या बायकोच्या, अ‍ॅना माग्दालेनाच्या १७२५ च्या वहीत ती आहे, म्हणून खूप वर्षं ती बाखचीच समजली गेली. खरी रचना ड्रेस्डेनचा ऑर्गनवादक ख्रिस्तियान पेट्झोल्ड याची. हार्प्सिकॉर्डच्या आवाजात ती वाजवताना जोर देऊन काही सांगताच येत नाही. मग सूर किती वेळ धरायचा आणि कुठे सोडायचा, यावरच सगळं येतं. पंधरा दिवस मी तशीच वाजवली आणि नंतर पियानोच्या आवाजात आले, तेव्हा बोटं आपोआप स्वच्छ पडत होती. बाकीचे आवाज, ताल, तयार गाणी यांना मी हातही लावलेला नाही. जाहिरातीत त्यांचीच संख्या मोठी असते, त्यावर जाऊ नका.

डावा हात मात्र शूमान या जर्मन संगीतकाराने उघडला. १८४८ मध्ये मोठी मुलगी मारी सात वर्षांची होणार होती, तिच्या वाढदिवसासाठी त्याने छोट्या रचना लिहायला घेतल्या आणि त्यांचाच ४३ तुकड्यांचा संग्रह झाला. त्यातल्या आनंदी शेतकऱ्याच्या तुकड्यात चाल डाव्या हाताकडे आहे आणि उजवा हात वरून हलके ठेके देतो. वजनदार पट्ट्या नसत्या तर हे मला जमलंच नसतं. डाव्या हाताला गायला लावायचं आणि त्याच वेळी उजव्याला दबून राहायला सांगायचं, हे प्रत्येक बोट वेगळ्या वजनाने पडलं तरच होतं. ज्या माणसाने हे लिहिलं त्याचा स्वतःचा उजवा हात विशीतच निकामी होऊन वादक व्हायचं स्वप्न संपलं होतं. त्याचं संगीत युरोपभर वाजवून दाखवलं ते बायकोने, क्लाराने, आठ बाळंतपणं सांभाळून. १८५४ मध्ये त्याने ऱ्हाइनमध्ये उडी घेतली, वाचला, आणि उरलेली दोन वर्षं बॉनजवळ एंडेनिखच्या मनोरुग्णालयात गेली. क्लाराला त्याची भेट मिळाली ती तो जाण्याच्या जेमतेम दोन दिवस आधी. आता तो तुकडा वाजवताना मला शेतकरी दिसत नाही. घरात पोरं खेळताहेत आणि बाप टेबलाशी बसून त्यांच्यासाठी लिहितो आहे, असं दिसतं.

आता तक्रारी. पहिली पेडलची. सोबत आलेलं चपटं पेडल फरशीवर सरकतं, सूर लांबवायच्या ऐन वेळी पाय कोचाखाली जातो. मी वेगळं, जड धातूचं पेडल घेतलं आणि खाली रबरी मॅट टाकली. दुसरी गोष्ट कुणीच आधी सांगत नाही: हेडफोन लावले तरी पट्ट्यांचा आवाज होतो. आपल्याला येत नाही, खालच्या मजल्यावर जातो. खालच्या काकू एकदा जिन्यात थांबवून म्हणाल्या, "अगं, रात्री वर टकटक कसली चालते? शिवणयंत्र घेतलंस का?" मला फार वाईट वाटलं. त्याच आठवड्यात व्यायामशाळेत टाकतात तसली जाड रबरी मॅट स्टँडखाली आणली. आता ऐकू येत नाही म्हणतात. स्टँडही इंग्रजी एक्सच्या आकाराचा घेऊ नका, जोरात वाजवलं की डुलतो.

फेब्रुवारीत मधल्या सप्तकातली पांढरी सहा, म्हणजे सहावी पांढरी पट्टी, खटखटायला लागली. वॉरंटीत होतं, पण तंत्रज्ञ यायला तीन आठवडे लागले आणि फोन दरवेळी मलाच करावा लागला. आतला नमदा बदलला, तेव्हापासून ठीक आहे. विकत घेताना दुरुस्ती घरी येऊन करतात का, हे लेखी घ्या.

ते तीन आठवडे मी शोपँ या पियानोवादक संगीतकाराबद्दल वाचत होते, आणि त्याचीही पियानोसाठीची वाट बघणं तिथे सापडलं. १८३८ च्या हिवाळ्यात तो लेखिका जॉर्ज साँद आणि तिच्या मुलांसोबत स्पेनच्या मायोर्का बेटावर गेला. छातीचा आजार, सततचा पाऊस, वाल्देमोसाच्या मठातल्या गार खोल्या. पॅरिसहून मागवलेला प्लेयेल कंपनीचा पियानो पाल्माच्या जकातीत अडकला आणि जानेवारीत हाती आला. त्यानंतर जेमतेम महिनाभरात त्यांनी बेट सोडलं. तोवर त्याने तिथल्याच एका साध्या पियानोवर काम रेटलं, आणि २४ प्रिल्यूड, म्हणजे छोट्या स्वतंत्र रचना, पुरे केले.

त्यातला चौथा, ई मायनरमधला, मी गेले चार महिने वाजवते आहे. अवघ्या २५ मात्राखंडांचा (इंग्रजीत ज्यांना बार म्हणतात). उजवा हात जवळजवळ दोनच सुरांवर रेंगाळतो. डाव्या हातात तीन सुरांचा समूह पुन्हा पुन्हा हळू पडतो, आणि त्यातला एकेक सूर अर्ध्या सुराने खाली घसरत जातो. एका वेळी एकच बोट जागा बदलतं, बाकीची तिथेच. इथे वाद्याची खरी परीक्षा होते. माझ्या पियानोत पट्टीखाली तीन सेन्सर आहेत, त्यामुळे पट्टी पुरती वर येण्याआधीच पुन्हा दाबता येते आणि सूर तुटत नाही. पियानो बनवणाऱ्या एरारने १८२१ मध्ये जिचं पेटंट घेतलं त्या यंत्रणेचंच हे काम. दोन सेन्सरवाल्या स्वस्त मॉडेलवर दुकानात वाजवून पाहिलं, समूह ठोकल्यासारखे येत होते.

शोपँ म्हणे बरं नसलं की एरार वाजवायचा, कारण त्यात आवाज तयार मिळतो. अंगात ताकद असली की प्लेयेल, कारण त्यावर आपला आवाज आपणच शोधावा लागतो. डिजिटल पियानोत आवाज तयारच मिळतो. अगदी हळू वाजवताना तो एका मर्यादेखाली पातळ होतो, आणि शेवटच्या तीन समूहांना ते जाणवतं. सेटिंगमध्ये स्पर्श 'जड' केला की थोडं सुधारतं.

शोपँची बोटं बसवायची पद्धत मात्र हार्मोनियमवाल्यांनी जरूर करून बघावी. तो विद्यार्थ्यांना पांढरी एकपासून सुरू करायला लावायचा नाही. अंगठा पांढरी तीनवर, मग काळी तीन, काळी चार, काळी पाच, आणि करंगळी पांढरी सातवर. लांब बोटं काळ्यांवर, आखूड पांढऱ्यांवर. हात ठेवताच मनगट सैल पडतं. माझं अंगठ्याखालचं दुखणं यानेच गेलं.

१८४९ च्या ३० ऑक्टोबरला पॅरिसच्या मादलेन चर्चमध्ये त्याचा अंत्यविधी झाला, तेव्हा हाच ई मायनर प्रिल्यूड ऑर्गनवर वाजवला होता. हे वाचल्यावर एका रात्री मी ऑर्गनचा आवाज निवडून तो वाजवला. सूर हवेवर धरलेले, बोटाचा जोर निरुपयोगी, डावा हात पुन्हा नुसता आधाराला. हेडफोनमध्ये बाबांची पेटी ऐकू यावी तसं झालं. मी तो तसाच शेवटपर्यंत वाजवला, हेडफोन काढून बाबांना फोन केला, आणि स्पीकर लावून पुन्हा वाजवला. ते थोडा वेळ गप्प होते, मग म्हणाले, "भाता चांगला आहे गं."